संकटात देवाजवळ काय बोलावे?

(क्रॉयडन येथे वर्धापनदिनानिमित्त केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण जेथे जमलो आहोत त्या क्रॉयडनने जगाला एक शब्द दिला आहे : 'मेडे'. येथला विमानतळ 1959 साली बंद झाला, पण त्याची इमारत पर्ली वेवर आजही उभी आहे. 1923 च्या सुमारास तेथील वरिष्ठ रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांच्याकडे काम आले की, संकटातल्या वैमानिकासाठी गोंगाटातही ओळखू येईल असा शब्द शोधावा. येथली बरीच विमाने पॅरिसला ये-जा करीत, म्हणून त्यांनी 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून 'मेडे' सुचविला.

तो तीनदा उच्चारायचा. मग आपण कोण, कोठे आहोत, काय बिघडले आणि काय हवे, एवढेच सांगायचे. तेथे अब्रू सांभाळून चालत नाही.

आपणां परदेशस्थांना मात्र 'सगळे ठीक आहे' म्हणायची सवय जडली आहे. ठाण्याहून किंवा अश्दोदहून फोन आला की, नोकरी गेलेली असो वा डॉक्टरांनी भलतेच निदान केलेले असो, उत्तर तेच. नातेवाइकांपुरते ते समजू शकते. पण तेफिलातही आपला तोच सूर! शेमा तोंडपाठ, नवसाचा मलिदा वेळेवर. आणि ज्या दुःखाने रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, ते ओठांवर येतच नाही.

रोश हशानाच्या पहिल्या दिवशी आपण हन्नेची कथा वाचतो. मूल नाही म्हणून सवतीचे टोमणे खाणारी ही स्त्री शिलो येथे गेली आणि रडत रडत मनातले सारे देवापुढे ओतून मोकळी झाली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. प्रार्थना कशी करावी हे आपल्या रब्बींनी या बाईकडून शिकून घेतले, एखाद्या राजाकडून नव्हे! तेहिलीममधले 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, तरी ते कोणी गाळले नाही.

आपल्या सामाजी हसाजी दिवेकरांचेही असेच. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी 1796 मध्ये मुंबईत आपले पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कैदेत असतानाच त्यांनी तसा नवस केला होता, असे सांगतात. त्याचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे दार. सुभेदारी करणाऱ्या माणसाने दया मागितल्याची ही खूण आहे.

आणखी एक. 'मेडे' ऐकू आले की त्या लहरीवर बाकीच्यांनी गप्प बसायचे असते. एली याजक गप्प बसला नाही. हन्ना दारू प्यालेली आहे असे समजून तो तिला रागे भरला. आपल्यातही कोणी तेफिलात रडू लागले की बाकांवर कुजबुज सुरू होते, हे सांगणे मला भाग आहे. हन्नेने मात्र एलीलाही खरे तेच सांगितले. तेव्हा त्याने आशीर्वाद दिला. मूल अजून दूर होते, तरी ती तेथून निघाली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उतरला नाही.