गाण्यातली बोली



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलण्याची परंपरा आहे. आम्ही कामगार संघटनेत काम करणारे. आमचे शिक्षण वाचनालयात आणि गेटसभांत झाले. तेव्हा संगीतशास्त्र आम्ही सांगणार नाही. बोलीत गायिलेले गाणे आपण कोणत्या कानाने ऐकतो, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

गाताना बोलीचे होते काय, ते आधी पाहू. माणूस बोलू लागला की त्याचा मुलूख ओळखू येतो तो हेलावरून. कोकणातला हेल निराळा, वऱ्हाडातला निराळा. पण गाण्याला स्वतःची चाल असते आणि तिच्याखाली बोलण्याचा हेल बुजून जातो. मग बोली उरते ती व्यंजनांत, क्रियापदांच्या रूपांत आणि शब्दांत. खानदेशात 'डोळा' हा 'डोया' होतो. आगरी-कोळ्यांच्या तोंडी 'कोळी' हा 'कोली' होतो. गायकाला ठरवावे लागते की हा उच्चार ठेवायचा की पुसायचा. बोलताना बोली आपसूक येते. गाताना ती राखावी लागते.

आता ती राखली कशासाठी जाते? आपल्या लोकप्रिय गाण्यांत पुष्कळदा एक वाटणी झालेली दिसते. भक्ती, विरह आणि चिंतन यांना प्रमाण भाषा. थट्टा, छेडछाड आणि ठसका यांना बोली. जणू खेडुताला हसता येते, पण विचार करता येत नाही!

ही वाटणी खोटी ठरवली ती बहिणाबाई चौधरी यांनी. जन्म 1880 चा, जळगावजवळच्या असोद्याचा. लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर आणि शेतात काम करताना त्यांनी गाणी रचली. 1951 साली त्या वारल्या आणि 1952 साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. मन म्हणजे काय, संसार म्हणजे काय, हे त्यांनी आपल्या बोलीतच सांगितले. पुढे 1961 च्या 'मानिनी' चित्रपटातून ही गाणी घराघरांत गेली. मात्र शाळांच्या संमेलनांत हीच गाणी 'सुधारून' म्हटलेली आम्ही ऐकली आहेत. 'डोया' चा 'डोळा' केला की अर्थ तोच राहतो; पण बोलणारी बाई तेथून उठून जाते.

दुसरे नाव शाहीर अण्णा भाऊ साठे यांचे. वाटेगावचा हा माणूस मुंबईत आला, कामगारवस्तीत राहिला. शाहीर अमर शेख आणि गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. 'माझी मैना गावावर राहिली' ही त्यांची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभासभांतून गाजली. शीर्षकच पाहा. 'गावी' नव्हे, 'गावावर'. मुंबईला पोट भरायला आलेला गडी असेच बोलतो. त्याचा हा खाजगी विरह गाण्याच्या शेवटी बेळगाव, कारवार यांच्या विरहाला जाऊन मिळतो. एवढे मोठे राजकारण त्या बोलण्याने पेलले.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता, तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. एका कारखान्यातील चौकशीत आम्ही एका कामगाराच्या बाजूने बसलो होतो. माणूस खानदेशचा, प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला. त्याने दोन वाक्ये सांगितली आणि टेबलापलीकडे हसू फुटले. पुढे तो 'हो' आणि 'नाही' एवढेच बोलला. जे त्याला ठाऊक होते, ते कागदावर आलेच नाही. ज्या कानांना बोली फक्त विनोदात ऐकायची सवय लागली, त्यांना साक्षीतही विनोदच ऐकू येतो.

कोणी विचारील, मग ज्याची बोली त्यानेच गावी काय? आमचे तसे म्हणणे नाही. शांता शेळके यांचे 'मी डोलकर' हे कोळीगीत लता मंगेशकरांबरोबर हेमंतकुमारांनी गायिले. हेमंतकुमार बंगाली! परक्याची बोली मेहनतीने आणि आदराने घेता येते. तसेच प्रमाण भाषेशीही आमचे भांडण नाही. वेतनकरार साऱ्या मुलखांच्या कामगारांना सारखाच कळला पाहिजे, आणि तो आम्ही प्रमाण मराठीतच लिहितो. पण करार लिहिण्याची भाषा ही दुःख सांगण्याची एकमेव भाषा नव्हे.

काळ बदलतो आहे, हेही सांगितले पाहिजे. 2016 च्या 'सैराट' मध्ये अजय-अतुल यांनी 'याड लागलं' हे गाणे दिले. त्याच्यामागे अमेरिकेत ध्वनिमुद्रित केलेला पाश्चात्त्य वाद्यवृंद आहे, आणि पुढे करमाळ्याकडचे 'याड' आहे, 'वेड' नाही. त्या शब्दाला कोणी हसले नाही. तरुण पोरांनी तो आपल्या प्रेमाचा शब्द म्हणून उचलला.

आपल्याकडे मागणे थोडेच आहे. या गावातल्या संमेलनांत, गणेशोत्सवांत बोलीतले गाणे बसवाल, तेव्हा ते केवळ हशा पिकवण्यासाठी ठेवू नका. मुलांना बहिणाबाईंचे गाणे त्यांच्याच उच्चारांत शिकवा. ते येत नसतील, तर वर्गात खानदेशातले एखादे पोर असेल, त्याला पुढे बोलवा आणि त्याच्याकडून सर्वांनी शिका. तेवढा एक तास त्या पोराचे बोलणे बरोबर ठरेल आणि बाकीच्यांचे चुकेल. असा तास प्रत्येक शाळेत एकदा तरी व्हावा, एवढे म्हणून आम्ही आपली रजा घेतो.