मूठभर पाहून गाडीची प्रत ठरते तेव्हा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मेळाव्यात आपण पाऊस, भाव आणि कर्ज यांवर बोलतो. आज आपल्या पोरांच्या बुद्धीबद्दल बोलायचे आहे.

एकाधिकार खरेदीचे दिवस तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहेत. केंद्रावर रात्रभर गाडी लावून ठेवायची. सकाळी ग्रेडर यायचा, मूठभर कापूस ओढून पाहायचा आणि गाडीभर मालाची प्रत सांगून मोकळा व्हायचा. आपण चिडायचो. आपल्या लेकरांची प्रतही अशीच ठरते, पण तिथे आपण गप्प बसतो. कापसाची गाडी निदान केंद्रापर्यंत पोचायची. लेकरांच्या बहुतेक गाड्या गावातून निघतच नाहीत.

खेड्यातली हुशार मुले शोधायची सरकारची मोठी योजना म्हणजे जवाहर नवोदय विद्यालय. तिची सुरुवात 1985-86 साली दोन शाळांनी झाली. एक हरियाणात झज्जरला, दुसरी आपल्या अमरावतीला. म्हणजे कापसाच्या मुलखातूनच ही गोष्ट सुरू झाली. पाचवीतल्या मुलाची परीक्षा घ्यायची आणि निवड झाली की सहावीपासून बारावीपर्यंत राहणे, जेवण, कपडे, पुस्तके सगळे सरकारकडे. नववीपासून काही मुलांना महिन्याला विकास निधी भरावा लागतो, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना तोही माफ आहे. निदान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांच्या, एकतृतीयांश मुलींच्या. ग्रामीण जागेसाठी मूल तिसरी, चौथी, पाचवी खेड्यातल्या शाळेत शिकलेले लागते.

कागदावर याहून चांगले काय हवे? आता हिशेब करू. एका विद्यालयात वर्षाला जास्तीत जास्त 80 जागा. ज्या जिल्ह्यात सोळा तालुके आहेत, तिथे तालुक्यामागे सरासरी पाच. तालुक्यातली गावे तुम्ही मोजा. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्नांची. त्यातले 40 प्रश्न आकृत्यांचे, बाकीचे गणिताचे आणि भाषेचे. पेपर मराठीत मिळतो. उत्तर चुकले म्हणून गुण कापत नाहीत. पण एका मुलाला ही परीक्षा एकदाच देता येते. ज्याने तशा आकृत्या कधी पाहिल्या नाहीत, गोल काळा करायची उत्तरपत्रिका हातात धरली नाही, त्याचा पहिला अर्धा तास बावरण्यातच जातो. तालुक्याला शिकवणीला जाणारे पोर तेवढ्यात दहा प्रश्न सोडवून बसते. मग परीक्षेने मोजले काय, बुद्धी की सराव?

आता दिवस पाहा. अर्ज भरायचे ते पावसाळ्यात, म्हणजे आपली डवरणी आणि निंदण चालू असताना. परीक्षा झाली 2024 साली 20 जानेवारीला, 2025 साली 18 जानेवारीला आणि पुढच्या तुकडीची 13 डिसेंबर 2025 ला. सीतादही होऊन वेचणी ऐन भरात असते ते हेच दिवस. मजूर मिळत नाही, म्हणून घरची पोर वावरात येते. सराव व्हायचा त्या महिन्यात तिच्या कमरेला ओटी असते.

आमच्याच गावातली आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजत होते. एकीचा 38 किलो, दुसरीचा 41, तिसरीचा 27. मजुरी सहा रुपये किलो. लिहिणारा बोटे मोडत होता, तोवर आईसोबत आलेली दहा वर्षांची पोर म्हणाली, "एकशे सहा किलो, सहाशे छत्तीस रुपये." आम्ही सगळे हसलो, कौतुक केले, कुणीतरी तिला गूळ दिला. ती तेव्हा पाचवीत होती. तिचा अर्ज शाळेने भरला नाही, बापाने विचारला नाही आणि काट्याशी उभ्या असलेल्या आम्ही दहा जणांनीही कुणाला सांगितले नाही. आज ती दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाते. तिला कुणी नापास केले नाही. तिला परीक्षेला बसवलेच नाही. सरकारचा दोष आम्ही दाखवूच, पण त्या दिवशीचा दोष आमचा होता.

पाचवी हुकली म्हणून सगळे संपत नाही. आठवीत राष्ट्रीय गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा असते. ही योजना 2008 पासून आहे. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेतल्या, घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये थेट मुलाच्या खात्यात. सातवीला 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सूट. दहावीआधी शाळा सोडणाऱ्या पोरीला हा पैसा थांबवून धरू शकतो. पण ही परीक्षाही बहुधा डिसेंबरातच येते.

आणि जी मुले कोणत्याच यादीत येत नाहीत त्यांचे काय? नवोदय विद्यालये गतिनिर्धारक असावीत, आसपासच्या शाळांनाही त्यांचा उजेड मिळावा, अशी मूळ कल्पना होती. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लिहिले आहे की प्रत्येक वर्गातली विशेष गुणवत्ता शिक्षकाने ओळखावी, अशा मुलांना पाठ्यपुस्तकापलीकडचे शिकायला द्यावे, विषयांची मंडळे काढावीत. पण दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळायचे अशा शाळेत हे कोण करणार? तिथे गप्प बसणारे पोर हुशार ठरते आणि सारखे प्रश्न विचारणारे आगाऊ. एकाला निवडून दूर नेले म्हणजे शाळा सुधारली असे होत नाही. बियाण्याला चार कणसे राखली म्हणून वावरातली बाकीची ज्वारी कुणी उभी सोडून देत नाही.

म्हणून प्रत्येक गावाने पाच कामे करायची. पहिले, जुलैत शाळेत जाऊन पाचवीच्या सगळ्या मुलांची यादी करायची. हुशार कोण ते आपण ठरवायचे नाही, सगळ्यांचे अर्ज भरायचे. दुसरे, गावातल्या शिकलेल्या पोरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी जुने पेपर सोडवून घ्यायचे. तिसरे, पाचवीतल्या आणि आठवीतल्या पोरांना परीक्षा होईपर्यंत वेचणीला न्यायचे नाही. चार दिवस कापूस झाडावर राहील. चौथे, नवोदयची प्रयोगशाळा आणि ग्रंथालय महिन्यातून एक दिवस आसपासच्या शाळांना उघडे करा, अशी मागणी जिल्ह्याकडे करायची. पाचवे, ज्याचा नंबर लागला नाही त्याला घरी कुणी बोल लावायचा नाही. जागा 80 आहेत, पोरे हजारो आहेत.

पुढच्या मेळाव्याला येताना गावाची यादी सोबत आणा. किती निवडले गेले, हे आम्ही विचारणार नाही. किती बसले, एवढेच विचारू.