घरची मावशी

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेले अडखळे आणि मागून येणारा मिक्सरचा आवाज काढून टाकलाय, बाकी बोलल्याप्रमाणे.)

आज कुणी पाहुणा नाही, मी एकटीच बोलणार आहे. मागच्या भागानंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की तू अधूनमधून 'आमची मुलं' म्हणतेस, पण एकदा म्हणतेस मी आई नाही, मग ही मुलं कुणाची? प्रश्न रास्त आहे. नावं सांगणार नाही, कारण मुलांना मोठं झाल्यावर ठरवू दे काय सांगायचं ते. मोठीला मोठी म्हणेन, धाकट्याला धाकटा.

तर पुण्यात एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट आहेत. एकात मी, माझी जोडीदार आणि मोठी. समोर दोघं पुरुष, गेली नऊ वर्षं एकत्र आहेत. त्यातल्या एकाचं आधी लग्न झालेलं, म्हणजे घरच्यांनी लावून दिलेलं. मग घटस्फोट झाला. त्या लग्नातला मुलगा म्हणजे आमचा धाकटा. तो सोमवार ते गुरुवार त्याच्या आईकडे वारज्याला असतो आणि शुक्रवारी संध्याकाळी इकडे येतो. मुलं समोरच्यांना बाबा आणि काका म्हणतात. दोन्ही मुलं, बरं का. मोठीला एकदा पार्किंगमध्ये कुणीतरी विचारलं, तुला बाबा नाहीत का? ती म्हणाली, "मला नाहीये, पण समोर एक आहे."

आणि आत्या. आत्या ट्रान्स बाई आहे, पिंपरीला राहते, शिवणकाम करते. दर रविवारी येते. शाळेच्या गॅदरिंगचे कपडे तीच शिवते, त्यामुळे आमची मोठी एका वर्षी अशी काही झाशीची राणी झाली होती की बाकीच्या राण्या हिरमुसल्या. आपण एकत्र राहायला लागलो तेव्हा काहीतरी नवीन करतोय असं मला वाटायचं. आत्या हसायची. ती वयाच्या सोळाव्या वर्षी घर सोडून हिजड्यांच्या घराण्यात गेली होती. तिथे गुरू, गुरूची गुरू, गुरुबहिणी असा सगळा गोतावळा असतो. आजारपण कुणी काढायचं, म्हाताऱ्या गुरूला कुणी सांभाळायचं, सगळं ठरलेलं. तिथे जाच पण असतो, ते ती लपवत नाही. पण रक्ताशिवाय घर उभं राहतं हे तिला आमच्या किती आधीपासून माहीत होतं. गौरी सावंत यांनी एका अनाथ मुलीला वाढवलं, ती जाहिरात २०१७ मध्ये आली तेव्हा आपण सगळे मोबाईलवर बघून रडलो. आत्या म्हणाली, रडताय काय, डबा कोण करतंय तिचा ते विचारा.

डबा हाच खरा विषय आहे. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावच 'डबा' आहे. घरं दोन, मिक्सर एक. दुसरा मिक्सर जळला त्याला चार वर्षं झाली. घ्यायचा घ्यायचा म्हणतो, पण मिक्सर इकडून तिकडे नेताना जे बोलणं होतं ते बंद होईल म्हणून कुणी घेत नसावं. पोळ्या माझ्याकडे, भाजी काकाकडे, शनिवारी इडली बाबाकडे. कालनिर्णयवर प्रत्येकाचा पेनाचा रंग वेगळा. रात्री मूल उठलं तर ज्याला जाग आली त्याने बघायचं आणि सकाळी त्यावरून टोमणे मारायचे नाहीत, हा नियम. टोमणे मारतो आपण, ते सोडा.

भांडणंही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल इथे नुसती आनंदीआनंद. काका धाकट्याला जेवताना मोबाईल देतो, मला ते चालत नाही. मी एकदा हातातून काढून घेतला, तर काका म्हणाला, "त्याच्या बापाने दिलाय." आठ दिवस मिक्सर इकडे आला नाही. पाच मोठी माणसं असली की मुलं फार हुशार होतात. चॉकलेट कुणाकडे मागायचं, सहलीचे पैसे कुणाकडे आणि गणितात कमी मार्क पडले की पेपर आधी कुणाला दाखवायचा, हे सगळं त्यांना पाठ असतं. धाकट्याची आई शुक्रवारी त्याला सोडायला यायची तेव्हा पहिली दोन वर्षं खालीच थांबायची, गाडी चालू ठेवून. एकदा धो धो पाऊस होता म्हणून वर आली. चहा झाला. आता ती भाकरीही खाऊन जाते आणि काकाच्या भाजीत मीठ कमी आहे हे तीच सांगू शकते.

आता माझ्याबद्दल. डिसेंबर २०११ मध्ये पुण्यात पहिल्यांदा प्राइड निघाली. मी फुटपाथवर उभी राहून बघितली, तोंडाला स्कार्फ गुंडाळून. पुण्यात स्कार्फ बांधलेली मुलगी कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, तेवढा फायदा. माझी जोडीदार मला पुढच्या वर्षी भेटली. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा निकाल आला, आणि आम्हाला वाटलं आता दारं उघडतील. मूल हवं होतं. दोघींना मिळून दत्तक घेता येत नाही. जोडप्याला मूल द्यायचं तर लग्न झालेलं हवं, तेही किमान दोन वर्षांचं. एकट्या बाईला मात्र घेता येतं. म्हणून २०१९ मध्ये तिने एकटीने घेतलं. मोठी घरी आली तेव्हा अडीच वर्षांची होती. एक शब्द बोलत नव्हती, फक्त फ्रिज उघडून बघायची, आत काही आहे ना म्हणून.

दत्तक दिल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणीला माणसं येतात. बरोबरच आहे, यायलाच पाहिजेत. पण त्या चार भेटींच्या आदल्या दिवशी माझे कपडे, माझा टूथब्रश, माझी चप्पल, सगळं समोरच्या फ्लॅटमध्ये जायचं. मी 'मदतीला येणारी मैत्रीण' व्हायची. आणि लहान मूल पटकन काही बोलून जाईल, म्हणून आम्ही तिला पहिल्या दिवसापासून शिकवलं की ही आई आणि ही मावशी. तो निर्णय आमचा होता, कुणी करायला लावला नव्हता. भीतीने घेतला. मग ती दोन वर्षं संपली, भेटी संपल्या, माझा टूथब्रश कायमचा घरी आला, पण 'मावशी' तशीच राहिली. गंमत म्हणून आम्ही म्हणायचो, माय मरो पण मावशी जगो. म्हण आहेच आपल्याकडे.

१७ ऑक्टोबर २०२३. लग्नाच्या हक्काचा निकाल. नवरात्राची तिसरी माळ होती. सगळे आमच्याकडे जमलो, थेट प्रक्षेपण लावलं. काकाने आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले होते. लग्न हा मूलभूत हक्क नाही यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. आणि दत्तकाच्या बाबतीत ३ विरुद्ध २. दोन न्यायमूर्तींचं म्हणणं होतं की अविवाहित जोडप्यांना नाही म्हणणं चूक आहे. तिघांचं तसं नव्हतं. कुणी काही बोललं नाही. पेढे फ्रिजमध्ये गेले. दुपारी मुलं शाळेतून आली आणि त्यांनी विचारलं, कुणाचा वाढदिवस आहे? अर्धा बॉक्स संपवला त्यांनी.

आता जे सांगायला बसले आहे ते. जून २०२४, पहिला पाऊस, पार्किंगमध्ये शेवाळ. मोठी सायकलवरून पडली. हात बघूनच कळलं की मोडलाय, मनगटाच्या वर नको तिथे बाक आला होता. तिची आई ऑफिसच्या कामाला नागपूरला गेलेली. मी आणि काका तिला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर चांगले होते. म्हणाले हाड सरकलंय, भूल देऊन बसवावं लागेल, पालकांची सही लागेल.

काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही कोण? मी काही बोलायच्या आधी मोठी रडत म्हणाली, "मावशी, दुखतंय."

त्या बाईंनी माझ्याकडे बघितलं. पावसात भिजलेला घरातला ड्रेस, पायात स्लिपर. आणि तुम्हाला माहितीये, आपल्याकडे मावशी कुणाला म्हणतात. दवाखान्यात झाडूपोछा करतात त्या मावशी, मूल सांभाळायला येतात त्या मावशी. बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बाहेर बसा. आईला बोलवा." आवाज वाईट नव्हता. उलट समजुतीचाच होता.

आईचा फोन मीटिंगमुळे सायलेंटवर. तासाभराने लागला. फोनवरची संमती चालणार नाही म्हणाले, कुणीतरी जवळचं, रक्ताचं नातं असलेलं इथे पाहिजे. मी सांगितलं, पाच वर्षं मी हिला वाढवतेय, हिला कुठल्या औषधाने पुरळ येतं ते मला माहितीये. ते ऐकून घेतात, मान हलवतात, फॉर्म तसाच. जीवावरचं काही नव्हतं, त्यामुळे थांबता येत होतं. म्हणजे त्यांना. तिला नव्हतं.

एकच माणूस होतं पुण्यात. आजी. माझ्या जोडीदाराची आई, सिंहगड रोडला मुलाकडे राहते. आमचं काय नातं आहे ते तिला २०२१ मध्ये कळलं, तेव्हापासून ती आमच्या घरी आली नव्हती. नातीला सुट्टीत तिकडे न्यायची, माझ्याशी एक शब्द नाही. तिचा नंबर माझ्याकडे होता, कधी लावला नव्हता. लावला. मी म्हटलं, "आई, मोठीचा हात मोडलाय, सही लागतेय." ती "बरं" म्हणाली आणि ठेवला. पस्तीस मिनिटांत रिक्षातून उतरली, अर्धी भिजलेली, डोक्यावर पदर. नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात 'आजी' लिहिलं, सही केली. कुणी तिला काही विचारलं नाही.

मला तेव्हा सुचलं नाही, रात्री सुचलं. मोठी दत्तक आहे. रक्ताचं नातं तर आजीचंही नाही.

भूल देणारे डॉक्टर आले, आजीला विचारायला लागले, काही ॲलर्जी, आधीचं आजारपण, शेवटचं कधी खाल्लं. आजीने माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. सगळं हिलाच माहितीये." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांग की." एवढंच. अजूनही आमचं फार बोलणं नाही. पण गौरी-गणपतीला ती आली, आणि गौरीचा फराळ करताना मिक्सर समोर आहे म्हटल्यावर स्वतः उठून घेऊन आली.

त्या रात्री प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून मोठीने मला विचारलं, "त्या बाई तुला मावशी म्हणाल्या तर तू रडलीस का? मी पण मावशीच म्हणते." मी झोपल्याचं सोंग घेतलं. खरंच घेतलं, खोटं कशाला सांगू.

तीनचार दिवसांनी सांगितलं तिला सगळं. टूथब्रशचं पण. ती म्हणाली, "म्हणजे आपण लपाछपी खेळत होतो?" मी म्हटलं, हो, पण तुला न सांगता, आणि ते बरोबर नव्हतं. मग तिने विचारलं, आता बदलायचं का? मी म्हटलं तुला हवं तसं. दोन दिवस तिने वेगवेगळी नावं लावून बघितली. एकदा मम्मा म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो. जमेना.

त्यानंतर आपण काय केलं ते थोडक्यात, कारण बरेच जण मेसेजमध्ये हेच विचारतात. आईने मृत्युपत्र केलं आणि त्यात मुलीचा पालक म्हणून माझं नाव घातलं. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं की वेळ आली तर शेवटी कोर्ट मुलीचं हित बघून ठरवेल, तरी लिहिलेलं असावं. मी शाळेत आणि दवाखान्यात तिच्या वतीने निर्णय घेऊ शकते असं पत्र, आईच्या सहीचं, आधारच्या प्रतींसकट, एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. त्या फोल्डरच्या पाच प्रती, पाच जणांच्या बॅगेत. धाकट्यासाठी त्याच्या आईनेही काकाच्या नावाने तसंच पत्र दिलं, न मागता. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं की क्विअर जोडीदारांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, म्हणून आम्ही ते खातंही उघडलं. फोल्डर दाखवल्यावर समोरचा माणूस मानेलच असं नाही. पण स्लिपर घालून रिकाम्या हाताने उभं राहण्यापेक्षा बरं.

या जूनमध्ये शाळेचा नवीन फॉर्म आला. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं, त्यात दुसरं नाव माझं. मोठी आता स्वतः फॉर्म भरते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. नात्याच्या रकान्यात तिने लिहिलं, 'मावशी'. थांबली. मग शेजारी कंसात लिहिलं, 'घरची'.

वर्गशिक्षिकांचा फोन आला होता, हे घरची म्हणजे काय? मी म्हटलं, आम्ही शनिवारी येतो, बसून सांगते. बाबा, काका, आई आणि मी असे चौघं गेलो. खुर्च्या दोनच होत्या.

चला, साडेनऊ वाजले. उद्या इडली आहे आणि मिक्सर अजून इकडेच आहे, समोरून दोनदा बेल वाजून गेली. तुमचे मेसेज पाठवत राहा, पुढच्या शुक्रवारी भेटू.