क्षमा आधीं, चालणें मागाहून

कफर्णहूम हें गालील समुद्राच्या वायव्य तीरावरील कोळ्यांचें गांव. तेथील घरें काळ्या दगडाचीं. वर तुळया, त्यांवर फांद्या आणि त्यांवर मातीचा थर. देशावरील धाब्याच्या घरांशीं ज्यांचा परिचय आहे, त्यांना हें छप्पर सहज डोळ्यांसमोर आणतां येईल. मार्काच्या शुभवर्तमानांतील दुसऱ्या अध्यायाच्या आरंभीं असेंच एक धाबें उकरल्याची हकीकत आहे. येशू घरांत उपदेश करीत होता आणि दाराशीं माणसांची एकच दाटी झाली होती. पक्षघातानें लुळा झालेल्या एका माणसाला चौघांनीं बाजेवर घालून आणलें. आंत शिरावयास वाट मिळेना, तेव्हां त्यांनीं धाब्याला भोंक पाडून ती बाज खालीं सोडली.

आतां रोग्याला बरें केलें जाईल, अशी सर्वांची अपेक्षा. परंतु येशूनें त्याच्या अवयवांविषयीं कांहींच न बोलतां, त्याच्या पापांची क्षमा झाली आहे, असें प्रथम सांगितलें. जवळ बसलेल्या शास्त्र्यांना ही ईश्वरनिंदा वाटली. आणि त्यांचा आक्षेप पोकळ नव्हता. पापक्षमेचा अधिकार एका देवाचाच, हें त्यांच्या धर्माचें मूलतत्त्व. शिवाय क्षमा झाली असें तोंडानें म्हणणें सोपें. ती खरोखर झाली कीं नाहीं, हें पाहणार कोण? येशूनें त्या माणसाला उठून, बाज उचलून घरीं जाण्यास सांगितलें, आणि तो उठला. जें दिसत नव्हतें त्याची साक्ष जें दिसलें त्यानें दिली.

ह्यावरून रोग म्हणजे पापाचा दंड, असा अर्थ कोणीं काढूं नये. योहानाच्या नवव्या अध्यायांत एका जन्मांधाविषयीं शिष्यांनीं नेमकी हीच शंका काढली, तेव्हां त्या अंधत्वाचें खापर त्याच्या किंवा त्याच्या आईबापांच्या पापावर फोडण्यास येशूनें साफ नकार दिला. पाप आणि आरोग्य ह्यांचें नातें निराळें आहे. नव्या करारांतील ग्रीक भाषेंत तारणें व बरें करणें ह्या दोहोंसाठीं 'सोझो' हें एकच क्रियापद येतें. आणि पापवाचक शब्दाचा मूळ अर्थ नेम चुकणें असा आहे. थरथरणारा हात शिक्षेनें स्थिर होत नाहीं; तो बरा व्हावा लागतो. मसीहा, म्हणजे देवानें अभिषेक केलेला, हा ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें असा वैद्य होय. तो दुरून औषध सांगत नाहीं. वधस्तंभावर स्वतः जखमा सोसून बरें करतो.

महाराष्ट्राला ह्याचें परिचित उदाहरण पंडिता रमाबाईंचें. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनीमंडळांत राहत असतां, लंडनमधील फुलहॅम येथें पतित म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांचा आश्रम त्यांनीं पाहिला. समाजानें ज्यांना कायमचें बाहेर टाकलें, त्यांची सेवा ह्या भगिनी इतक्या मायेनें कां करतात, असें त्यांनीं विचारलें. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकविण्यांत आली. त्याच वर्षीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तरीही तेव्हां आपणांस धर्म मिळाला, प्रत्यक्ष ख्रिस्त भेटला तो सुमारें आठ वर्षांनीं, असें त्यांनीं लिहून ठेवलें आहे. क्षमा ही कमवावयाची वस्तु नसून हात पसरून घ्यावयाची आहे, हें उमगण्यास एवढ्या विदुषीलाही इतका काळ लागला. पुढें केडगांवीं त्यांनीं १८९६-९७ च्या दुष्काळांतून वांचविलेल्या मुलींना आसरा दिला, आणि अव्हेरलेल्या स्त्रियांसाठीं जें घर उघडलें त्याला कृपासदन असें नांव दिलें.

ख्रिस्ती आशेचें मर्म ह्या क्रमांत आहे. आधीं चालून दाखव, मग तुला आपलें म्हणूं, असें जग म्हणतें. त्या लुळ्या माणसाला क्षमा मिळाली ती तो बाजेवर पडलेला असतांनाच. क्षमेनें भोगलेले दिवस पुसले गेले नाहींत. ती बाज त्याला सर्वांदेखत घरीं न्यावीच लागली. परंतु जी त्याला वाहत होती ती आतां तो वाहूं लागला.

आणखी एक गोष्ट मार्कानें नोंदविली आहे. येशूनें क्षमेचा शब्द उच्चारला तो, बाज घेऊन आलेल्यांचा विश्वास पाहून. निराश झालेला माणूस पुष्कळदां आपल्या पायांनीं दारापर्यंत येऊं शकत नाहीं. ज्याच्या घरांत किंवा शेजारीं असा कोणी पडून असेल, त्यानें त्याच्या अपराधांची मोजदाद करीत न बसतां बाजेचा एक कोपरा धरावा.