थेंबांचं त्रैराशिक
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी विचारतंच, "आईला अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घेऊ का?" आपण सगळेच आता आईवडिलांच्या उशाशी बसायच्या वयात आलोय. म्हणून आज आठवणींऐवजी थोडं कामाचं बोलते.

नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या तेवढ्याच बाटलीत २५ ग्रॅम साखर. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल, तर बाटली जीव वाचवते. पण नुसत्या 'ताकदी'साठी तिच्यात फारसं काही नाही. उलट हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर जादा पाणी फुप्फुसात साठून धाप लागते.

म्हणून वेग महत्त्वाचा. सरांनी छडीच्या धाकानं घोटून घेतलेलं त्रैराशिक मी आजही रोज वापरते! ५०० मिलिलिटर चार तासांत द्यायचं, म्हणजे तासाला १२५. ज्या संचात २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो, त्यात १२५ गुणिले २०, भागिले ६०. मिनिटाला साधारण ४२ थेंब. मायक्रो संचात मात्र ६० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणून पाकिटावर छापलेला आकडा बघूनच गणित मांडायचं. पेशंटनं हात दुमडला तरी वेग बदलतो, त्यामुळे पुन्हा पुन्हा मोजावं लागतं.

एका आजोबांच्या मुलानं "लवकर संपेल" म्हणून नळीवरचं चाक पूर्ण उघडलं होतं. बाटलीवर तासांच्या खुणा केलेली पट्टी चिकटवलेली होती, म्हणून फेरीत लगेच लक्षात आलं. आजोबा बचावले.

औषध मिसळतानाही तसंच. पोटॅशियम क्लोराईडची ॲम्प्युल दिसायला अगदी पाण्यासारखी. ती तशीच थेट शिरेत गेली, तर हृदय बंद पडू शकतं. ती बाटलीत मिसळून, सावकाशच द्यायची. मिसळल्यावर बाटली उलटीसुलटी करून नीट हलवायची; नाहीतर औषध तळाशी राहतं आणि तेच आधी शिरेत जातं. मग लेबल लावायचं: पेशंटचं नाव, औषध, मात्रा, वेळ, सही. अशा औषधांचं गणित दुसरी सिस्टर स्वतंत्रपणे करते. दोघींची उत्तरं जुळल्याशिवाय बाटली टांगली जात नाही.

"आता पंप आलेत, मग काळजी कसली?" असं काहीजण म्हणतात. पंप औषध ढकलत राहतो. सुई शिरेत आहे की बाहेर सरकलीय, हे त्याला खात्रीनं कळत नाही. ते हाताकडे बघणाऱ्या माणसालाच कळतं.

तेव्हा पेशंटजवळ बसाल तेव्हा एवढं करा. चाकाला आणि पंपाच्या बटणांना हात लावू नका. सुईच्या जागी सूज, लाली, आग किंवा गारठा जाणवला, थंडी वाजून आली, धाप लागली, तर बेल वाजवा. "सिस्टर, ही कसली बाटली? किती वेळ चालणार?" असं बिनधास्त विचारा. आम्हाला राग येत नाही. आणि एखादीला आलाच, तरी उत्तर घेतल्याशिवाय हलू नका.