अळी, कोष आणि फुलपाखरू
(विहारातील वर्षावास कार्यक्रमात दिलेल्या भाषणावरून)



वर्षावास कसा सुरू झाला, हे आपण जाणताच. भिक्खूंच्या पायाखाली पावसाळ्यात हिरवे गवत आणि बारीक जीव मरतात, अशी लोकांची तक्रार आली. म्हणून भगवंतांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम केला. त्या बारीक जिवांपैकीच एकाविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

आपल्या भंडारा जिल्ह्यात सांदवाडीत गोडलिंब नाहीतर लिंबू असतोच. त्याच्या कोवळ्या पानावर फुलपाखरू मोहरीएवढे पिवळसर अंडे घालते. तीन-चार दिवसांत अळी निघते. लहानपणी ती पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पाखरे फसतात. चार वेळा कात टाकून ती मोठी होते, हिरवी होते. काडीने डिवचली तर डोक्यामागून लाल दुभंगलेले शिंग काढते आणि उग्र वास सोडते. मग खाणे बंद करून रेशमाच्या एका धाग्याने स्वतःला फांदीशी बांधते. तो कोष. आठ-दहा दिवसांनी कोष फाटतो आणि काळे-पिवळे फुलपाखरू बाहेर येते. ओले पंख वाळवते आणि उडते.

आता मुद्द्याचे ऐका. अळीला भुंगा टोचतो, अळी त्याचेच ध्यान करते आणि शेवटी भुंगाच होते, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. गुरूचे चिंतन करा म्हणजे गुरूच व्हाल, असा त्याचा अर्थ लावला. पण प्रत्यक्षात काय घडते? कुंभारीण माशी भिंतीला मातीचे घर करते. अळीला डंख मारून लुळी करते, आत कोंबते आणि तिथेच अंडे घालते. अंड्यातून निघालेले माशीचे पिल्लू ती अळी खाते आणि वाढते. बाहेर पडते ती माशी. अळी तर खाल्ली गेली! काही माश्या अळीऐवजी कोळी आणतात. मग कोळ्यानेही ध्यान केले म्हणायचे काय? केसपुत्त गावी कालामांना भगवंतांनी हेच सांगितले, की परंपरेने आले, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले एवढ्यावरून मानू नका.

अळीचे फुलपाखरू मात्र खरेच होते, आणि त्यातही चमत्कार नाही. पंखांचे, पायांचे बीज अळीच्या अंगात आधीच असते. कोषात जुने शरीर विरघळते आणि त्याच्याच पोषणावर नवे घडते. मग फुलपाखरू म्हणजे तीच अळी की दुसरी? मिलिंद राजाने माणसाबद्दल असेच विचारले, तेव्हा नागसेनांनी दुधाचे दही होते तो दाखला दिला. तेही नाही, वेगळेही नाही. कारणातून कार्य. आत्मा कुठेच लागत नाही, बरं का!

आपल्या जिल्ह्यात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर कोसा पिकतो. धागा अखंड मिळावा म्हणून आतला जीव मारून कोष शिजवतात. रेशीम मिसळलेले आसन करवून घेऊ नये, असा भिक्खूंसाठी विनयात नियम आहे. कोश्यावर गरिबांचे पोट आहे, त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. पण अंगावरच्या लुगड्यामागे काय आहे, ते माहीत असावे.

मायबहिणींनो, गोडलिंबाची चार पाने अळीने खाल्ली तर झाड मरत नाही. औषध मारू नका. पोरांच्या हाती वही द्या. अंडे कधी दिसले, कोष कधी झाला, ते तारखेसह लिहू द्या. प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण 22 प्रतिज्ञांत घेतली आहे. स्वतः पाहून मग मानण्याची सवय पोरांना सांदवाडीतच लागू द्या. पुढे कोणी बुवा त्यांना फसवू शकणार नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!