शाळेचे दोन भोंगे
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



प्रार्थनेच्या वेळी गच्चीच्या कठड्यावरून आपल्यावर ओरडणारे ते दोन राखाडी भोंगे आठवतात ना? गेल्या वर्षी शाळेची जुनी अडगळीची खोली रिकामी केली, तेव्हा मोडकी बाकं आणि गंजलेल्या लेझिमींबरोबर तेही भंगाराच्या ढिगात निघाले. भंगारवाल्यानं किलोवर भाव केला होता. त्याच्या लेखी ते ॲल्युमिनियम, बस्स. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन, वहीत सही करून मी ते घरी नेले. आज ते या मंचाच्या दोन बाजूंना आहेत आणि माझं बोलणं तुम्हाला त्यांतूनच ऐकू येतंय. आवाज नाकातला वाटत असेल तर दोष भोंग्यांचा नाही. माझा आवाज वर्गातही असाच होता, बाई साक्ष देतील.

भोंगा म्हणजे दोन वस्तू. पुढचा कर्णा आणि मागे पेचानं बसवलेलं युनिट. युनिटमध्ये एक लोहचुंबक, त्याच्या बारीक फटीत तांब्याच्या तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटलेला वाटीसारखा पातळ पडदा, म्हणजे डायफ्राम. पडदा हलतो तो अगदी थोडा, पण जोरात. हा जोर मोकळ्या हवेला देता येत नाही, कारण हवा हलकी, ती नुसती बाजूला सरते. कर्णा अरुंद तोंडापासून रुंद तोंडापर्यंत हळूहळू वाढत जातो आणि पडद्याची नि हवेची गाठ घालून देतो. विजेचा ट्रान्सफॉर्मर विजेला जे करतो तेच हा आवाजाला करतो. म्हणूनच साध्या स्पीकरमध्ये शंभर वॅटमधला एखाद-दुसराच वॅट आवाजाचा होतो, तिथे भोंग्यात दहाच्या वरही जातात. मधली ती नळी आणि आतली वाटी दिसते ना, ती शोभेची नाही. आवाज पुढे जातो, मागे वळतो, पुन्हा पुढे येतो. लांब कर्णा तीन घड्या घालून आखूड केलाय.

इतिहासात मी शिरत नाही, संयोजक घड्याळ दाखवतायत. एवढंच सांगतो, की जेन्सन आणि प्रिडहॅम या दोघांनी 1915च्या नाताळात सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी हॉलसमोर भोंग्यातून हजारोंच्या जमावाला संगीत आणि भाषणं ऐकवली. 1931 साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला. त्या काळातल्या बोलपटगृहांत पडद्यामागे भोंगेच असत.

आता दुरुस्ती. आपल्या एका भोंग्यात कुंभारणीनं मातीचं घर केलं होतं. ते काढल्यावर निम्मा आजार गेला. दुसरा साफ मुका. अशा वेळी सगळे आधी मशीनला शिव्या घालतात. तसं न करता मल्टिमीटर घ्यावा. सोळा ओहमचं युनिट चांगलं असेल तर मीटर बारा-तेराच्या आसपास दाखवतो, कारण सोळा हा आकडा चालू आवाजातला असतो. मात्र मोजण्याआधी लाइन ट्रान्सफॉर्मरची एक तार सोडायची. ती जोडलेली राहिली, तर मीटर ट्रान्सफॉर्मरचीच वेटोळी मोजतो आणि मेलेलं युनिट जिवंत दिसतं.

हे मी इतक्या तपशिलानं सांगतोय त्याला कारण आहे. 2019च्या ऑगस्टमध्ये कृष्णा चढली. आधी वीज गेली, मग मोबाइलचे मनोरे बंद पडले. गावात निरोप द्यायला उरला तो खांबावरचा भोंगा आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं मशीन. वरच्या आळीचा भोंगा बोलला. खालच्या आळीचा बोलला नाही. तो आधीच्या लग्नसराईत कुणीतरी वरातीला नेऊन पुन्हा खांबावर चढवला होता, आणि त्यानंतर तो चालू आहे का हे कुणीच पाहिलं नव्हतं. माणसं वाचली, पोरांनी दारोदार फिरून उठवली. पण दोन गोठ्यांतली जनावरं सोडायला वेळ मिळाला नाही. पाणी ओसरल्यावर ते युनिट मी उघडलं. कॉइल शाबूत होती. कॉइलमधून बाहेर येणारी केसाएवढी तार जिथे वाकते, तिथेच तुटली होती. पडदा वर्षानुवर्षं हलतो, तार तिथेच वाकत राहते आणि एक दिवस जाते.

आपल्या मुक्या भोंग्याचंही तेच निघालं. काही जण तिथे बारीक डाग देतात. मी देत नाही. डाग कडक होतो आणि त्याच्या शेजारी तार पुन्हा तुटते. नवा डायफ्राम कॉइलसकट मिळतो, तो टाकावा. घेताना जुना बरोबर न्यावा आणि कॉइलचा व्यास कॅलिपरनं मोजूनच घ्यावा. दुकानदार टायटॅनियमचा देऊ करेल. माणसाच्या बोलण्याला मला जुना तपकिरीच बरा वाटतो. राळ लावलेलं कापड, बेकेलाइटच्या जातीचं. टायटॅनियमला ‘स’ आणि ‘श’ टोचतात.

झाकण उघडलं, की चुंबकाची फट दिसते. तिच्यात लोखंडाचा कीस साचलेला असतो. फुंकर मारून तो जात नाही. जाड कागदाच्या पट्टीला चिकटपट्टी उलटी गुंडाळायची आणि फटीतून फिरवायची, पट्टी स्वच्छ निघेपर्यंत. लोखंडी स्क्रूड्रायव्हर जपून वापरायचा, चुंबक तो हातातून ओढून घेतो आणि पडद्याला भोक पडतं. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी हे काम दुसऱ्याकडून करून घ्यावं. आपल्या वयात हे सांगावं लागतं. आणि जुन्या अल्निको चुंबकाचे लोखंडी भाग कधीच सुटे करू नयेत, त्याचा जोर कमी होतो आणि तो घरी परत आणता येत नाही.

नवा पडदा बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. मोबाइलवरून हळू आवाजात एकच सूर खालून वर न्यायचा. खरखर आली तर कॉइल घासतेय, पुन्हा सैल करून बसवायचं. या कामाला माझे तीन रविवार गेले. चाचणी एका वॅटच्या आतच करावी. जवळून भोंगा शंभर डेसिबलच्या वर जातो. पहिल्या दिवशी आमच्या घरातून निषेध आला, तो रास्त होता.

सुधारणा म्हणाल तर दोनच केल्या. भोंगा खालचे स्वर देऊच शकत नाही, तेवढं त्याचं तोंड मोठं नाही. म्हणून मंडपात तबल्याची चाट ऐकू येते, डग्गा नाही. तरी लोक बेस वाढवतात. पडदा उगाच हेलकावे खातो आणि ती तार तुटते. म्हणून युनिटच्या आधी 33 मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर घातला. सोळा ओहमला तो साधारण 300 हर्ट्झच्या खालचं अडवतो. बोलण्यातलं त्यानं काही हरवत नाही. दुसरी सुधारणा म्हणजे कर्ण्याच्या बाहेरून डांबरी पट्टी, पत्र्याचा टणत्कार कमी करायला. वर रंग दिलाय, तोच राखाडी.

जोडणी शंभर व्होल्टची लाइनच ठेवली. दहा वॅटच्या टॅपवर तारेतून जेमतेम एक दशांश अँपिअर जातो, म्हणून बारीक तारेवरही आवाज मैदानाच्या टोकापर्यंत पोहोचतो. महापारेषणचे मोठे मनोरे याच हिशेबावर उभे आहेत. सगळ्या भोंग्यांच्या टॅपची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा जास्त होऊ द्यायची नाही, एवढं पाळलं की झालं.

काही मित्रांनी कालच विचारलं, की रात्री गाणी लावायची का? नाही. दहानंतर कायदा लावू देत नाही, आणि कायदा नसता तरी शेजारी दवाखाना आहे.

भोंगे मी उद्या शाळेला परत करतोय. एक जादा डायफ्राम, दोन कपॅसिटर आणि मीटर लाकडी पेटीत ठेवलेत. मुख्याध्यापकांशी बोलणं झालंय. नववीतली चार मुलं-मुली दर जूनमध्ये, पावसाआधी, शाळेचे आणि गावातल्या खांबांवरचे सगळे भोंगे मोजतील. ट्रान्सफॉर्मरची तार सोडून. पहिल्या वेळी मी येईन. तोंड जरा खाली कललेलं ठेवून खांबावर बांधायचं, म्हणजे पाणी साचत नाही, हेही तेव्हाच दाखवीन.

ज्यांच्या घरी माळ्यावर असं युनिट पडलंय त्यांनी चहाच्या वेळी भेटा. उघडलेलं असेल तर स्क्रूसकट आणा.